मुखपृष्ठावरचे घर आणि आपले घर : जुन्या मराठी मासिकांची चित्रे वर्गात कशी वाचावीत

मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिताना आपण संपादक, लेखक, गाजलेले वाद आणि वर्गणीदार यांची नोंद घेतो. मुखपृष्ठाला बहुधा एखादे वाक्य मिळते, तेही चित्रकाराचे नाव सांगून संपते. प्रत्यक्षात घरात आलेला अंक सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा पाहिला गेला तो मुखपृष्ठाच्या बाजूनेच. ज्यांना वाचता येत नव्हते अशा आजीने, अक्षरओळख न झालेल्या मुलाने आणि अंक मागायला आलेल्या शेजारणीने मासिकाचा तेवढाच भाग पूर्ण वाचला. त्यामुळे मुखपृष्ठ ही साहित्याची केवळ सजावट समजणे अपुरे आहे. कित्येक घरांत तेच छापील मराठी संस्कृतीचे पहिले दर्शन होते.

प्रस्तुत लेखात साधारण १९३० ते १९७० या काळातील मराठी मासिके आणि दिवाळी अंक यांच्या चित्रित मुखपृष्ठांचा विचार केला आहे. त्यांवर रोजचे जीवन दिसते, असे आपण सहज म्हणतो. पण कोणाचे जीवन, आणि किती? बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील जिल्ह्यांत मराठी शिकवणाऱ्या व शिकणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुखपृष्ठावरचे घर आणि इथल्या वाचकाचे घर यांत अंतर होते. ते मोजायला शिकलो, तर ही चित्रे इतिहासाचे साधन होतात आणि भाषेच्या अध्यापनाचेही. माझे प्रतिपादन एवढेच आहे : जुने मुखपृष्ठ हे जगलेल्या जीवनापेक्षा हव्याशा वाटणाऱ्या जीवनाचे चित्र आहे, आणि ते नीट वाचायचे तर आपल्या स्वतःच्या घराचे शब्द हाताशी असावे लागतात.

अक्षरांच्या मुखपृष्ठाकडून चित्राच्या मुखपृष्ठाकडे

एकोणिसाव्या शतकातील मराठी मासिकांची मुखपृष्ठे प्रामुख्याने अक्षरांची होती. नाव, वर्ष, अंक, किंमत, छापखाना आणि कधी अनुक्रमणिका, एवढा मजकूर वेलबुट्टीच्या चौकटीत बसवला की पान पूर्ण होई. चित्रे त्या काळी वेगळ्या वाटेने घरात येत होती. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून, आणि राजा रविवर्मा यांच्या मुंबईतील छापखान्याने १८९४ पासून, शिळाछापाची देवादिकांची व पौराणिक प्रसंगांची चित्रे लोकांच्या भिंतींवर नेली. नऊवारीतली, दागिने घातलेली, मान किंचित कललेली स्त्री मराठी माणसाच्या डोळ्यांना या चित्रांनी परिचित करून दिली. पुढे मासिकांच्या मुखपृष्ठांवर आली ती हिचीच धाकटी बहीण म्हणावी लागेल.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा तिथून मोजली जाते. सणाला घरात नवी वस्तू यावी, तसा नवा अंक यावा, ही कल्पना रुजली आणि अंकाचे रूप देखणे असण्याला महत्त्व आले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. सुरुवातीला ते कारखान्याचे वार्तापत्र होते. लोखंडी नांगर घेणाऱ्या गिऱ्हाइकांशी संबंध राखणे हा त्याचा एक हेतू होता. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ यांची भर पडली. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार व व्यंग्यचित्रकार होते. संपादकाच्या हातातच कुंचला असल्यामुळे मासिक कसे दिसावे, याचा तिथे पहिल्यापासून विचार होत राहिला.

मुखपृष्ठाचे महत्त्व समजण्यासाठी छपाईचे तंत्रही थोडे लक्षात घ्यावे. ठशांच्या छपाईत रंगीत चित्रासाठी पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे वेगवेगळे ठसे करावे लागत आणि तोच कागद यंत्रातून प्रत्येक रंगासाठी पुन्हा काढावा लागे. एखादा ठसा केसभर सरकला, तरी ओठांचा तांबडा रंग ओठाबाहेर उमटे. जुन्या अंकांत अशा रंगीत कडा आजही दिसतात. हे काम खर्चाचे होते. म्हणून आतील पाने साध्या कागदावर एका रंगात आणि मुखपृष्ठ तेवढे गुळगुळीत कागदावर बहुरंगी, अशी विभागणी झाली. साध्या घरात कॅलेंडर आणि देवाची तसबीर सोडली, तर मासिकाचे मुखपृष्ठ हेच रंगीत चित्र असे. ते कापून भिंतीला लावणे, ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवणे, वहीला घालणे हे घरोघरी चाले. चित्राचे आयुष्य अंकापेक्षा अधिक असे, ते यामुळे.

कडेच्या गावांतून आलेले चित्रकार

या काळातील नामवंत मुखपृष्ठकारांची जन्मस्थाने नकाशावर मांडली, तर एक गोष्ट लक्षात येते. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) मडगावचे. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) गोव्यातीलच अस्नोड्याचे. शि. द. फडणीस १९२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे जन्मले. आणि एस. एम. पंडित (१९१६–१९९३) तर आपल्या कलबुर्गीचे, म्हणजे त्या वेळच्या निजाम राज्यातील गुलबर्ग्याचे. चौघेही मराठी प्रदेशाच्या कडेवरून, कोणी पोर्तुगीज अमलातून, कोणी निजामाच्या, कोणी कानडी मुलखाला लागून असलेल्या गावातून, शिक्षणासाठी व पोटासाठी मोठ्या शहरांकडे गेले.

दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला आणि स्वतःच्या मुखपृष्ठांनी त्याला ओळख दिली. वळणदार, ठाशीव रेषा आणि सपाट, उजळ रंग ही त्यांची खूण. मुळगावकरांच्या चित्रांत रेषा विरघळते. रंगाच्या फवाऱ्याने आलेली मऊ छटा त्वचेला आणि वस्त्राला एक झळाळी देते. ‘रत्नप्रभा’ व ‘रत्नदीप’ हे अंक त्यांचे स्वतःचे. पंडित यांचा मार्ग वेगळा होता. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाची मुखपृष्ठे, चित्रपटांची जाहिरातचित्रे आणि पौराणिक चित्रे यांतून त्यांचे नाव झाले. कलबुर्गीत त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. तिथे नाटकाला आणि समारंभाला जाणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना हे नाव इमारतीचे म्हणूनच ठाऊक असते. या गावच्या माणसाने चित्रपटाच्या चेहऱ्यांना मासिकाच्या पानावर कसे बसवले, हे त्यांना सांगणे आपले काम आहे.

चित्रकार कडेचे, पण मुखपृष्ठावर दिसणारे जग मात्र मध्याचे, म्हणजे मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाचे. यात चित्रकारांचा दोष शोधण्याचे कारण नाही. अंक विकला जायचा तो शहरात, जाहिरातदार शहरातले, आणि वाचकाला काय आवडते याचा अंदाजही शहरातूनच बांधला जायचा. चित्रकाराने आपल्या गावाची आठवण कामाच्या मेजावर आणावी, अशी मागणीच कोणी केलेली नव्हती.

मुखपृष्ठावरचा दिवस

आता या चित्रांतील रोजच्या जीवनाकडे पाहू. दिवाळी अंकांवर पुन्हा पुन्हा येणारी रूपे ठरलेली आहेत : पणत्यांचे तबक घेतलेली स्त्री, रांगोळी काढणारी मुलगी, दारी लावलेला आकाशकंदील, फुलबाजी धरलेले मूल, फराळाचे ताट. एरवीच्या अंकांवर पुस्तक वाचणारी, वेणी घालणारी, पत्र हातात धरून विचारात पडलेली किंवा खिडकीशी उभी असलेली स्त्री दिसते. पुरुष तुलनेने कमी. आला तर वर्तमानपत्र, सायकल किंवा छत्रीसह.

या चित्रांतून काळाचा बदल वाचता येतो. नऊवारीची जागा हळूहळू पाचवारी घेते. अंबाडा जाऊन दोन वेण्या आणि मग एक सैल वेणी येते. पायांत चप्पल, मनगटावर घड्याळ, खांद्याला पर्स दिसू लागते. पाट जाऊन खुर्ची आणि समईशेजारी विजेचा दिवा येतो. कथा-कादंबरीत जे बदल पानोपानी चर्चिले जात होते, ते मुखपृष्ठाने मुकाट्याने मान्य करून टाकलेले असत. एकटी तरुणी बस थांब्यावर उभी आहे, एवढे दाखवले की बाईने घराबाहेर पडावे की नाही या वादाचा निकाल चित्रापुरता लागलेला असे.

विनोदी मुखपृष्ठांनी या दैनंदिनतेला आणखी जवळ आणले. अनंत अंतरकरांच्या ‘मोहिनी’साठी फडणीसांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी काढलेले एक मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. त्यात एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी आहे आणि दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. खाली एकही शब्द नाही. छापील कापडाची त्या वेळची फॅशन, सार्वजनिक जागी एकमेकांकडे चोरून पाहण्याची तऱ्हा आणि स्त्री-पुरुषांमधील जुना लपंडाव, हे तिन्ही त्या नक्षीत सामावले. शब्द नसल्यामुळे हे चित्र निरक्षर माणसालाही हसवू शकत होते. वसंत सरवटे यांनी ‘ललित’च्या दिवाळी अंकांसाठी १९६४ पासून कित्येक वर्षे काढलेली मुखपृष्ठे दुसऱ्या टोकाची. तिथे मराठी साहित्यव्यवहारच घरगुती प्रसंगासारखा रंगवलेला असतो. ते चित्र समजायला त्या वर्षीचे वाङ्मयीन वारे ठाऊक असावे लागते. पहिले मुखपृष्ठ सर्वांसाठी दार उघडते, दुसरे ओळखीच्यांना आत घेते. विद्यार्थ्यांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवावीत.

मुखपृष्ठावर काय येत नाही, हेही पाहिले पाहिजे. फराळाचे ताट आहे, पण जात्यावर बसलेली बाई सहसा नाही. आरास आहे, शेणसडा घालणारी नाही. स्वच्छ अंगण आहे, ते झाडणारे हात नाहीत. घाम, धूर, चिखल, खरकटे, आजारपण, कर्ज यांना मुखपृष्ठावर क्वचितच प्रवेश मिळाला.

ही मर्यादा केवळ मराठीची नव्हती. अमेरिकेत नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकासाठी १९१६ ते १९६३ या काळात तीनशेहून अधिक मुखपृष्ठे रंगवली. न्हाव्याचे दुकान, शाळा, जेवणाचे टेबल असे तिथले रोजचे जीवन त्यांत इतक्या बारकाईने आले की पुढच्या पिढ्यांना तोच त्यांच्या देशाचा खरा चेहरा वाटू लागला. परंतु कृष्णवर्णीय माणसे दाखवायची तर ती नोकराच्या भूमिकेतच, असा त्या साप्ताहिकाचा दंडक होता, हे त्याने स्वतः पुढे सांगितले. ते साप्ताहिक सोडल्यावर १९६४ मध्ये ‘लुक’ या पाक्षिकात त्याने सरकारी संरक्षणात शाळेला निघालेल्या एका लहान कृष्णवर्णीय मुलीचे चित्र प्रसिद्ध केले. कलावंताचा हात तोच होता. चौकट बदलली तेव्हा चित्रातली माणसे बदलली. मराठी मुखपृष्ठाबद्दल बोलताना हा दाखला उपयोगी पडतो, कारण प्रश्न चित्रकाराच्या कौशल्याचा नसून चौकट कोण आखतो याचा आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

इकडचे घर

ही मुखपृष्ठे बीदर-गुलबर्ग्याकडे येत होती, तेव्हा इथली परिस्थिती काय होती? १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारदरबारी उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मराठी घरात, बाजारात, भजनात आणि शेतात होती. छापील मराठी फार थोड्या घरांत पोचत होती. शिकलेल्या पुरुषाच्या अंगात शेरवानी आणि डोक्यावर रूमी टोपी असे, शेतकऱ्याच्या डोक्याला पटका. मुखपृष्ठावरचा काळी टोपी आणि कोट घातलेला पुरुष इथल्या मुलाला परगावचा पाहुणा वाटावा, असाच होता. बायकांच्या अंगावर इरकलचे लुगडे आणि खणाची चोळी. इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातले इळकल गाव. खण तिकडच्याच गुळेदगुड्डचे. म्हणजे जी वस्त्रे सगळ्या महाराष्ट्राने आपली मानली, ती विणली जात होती कानडी मुलखात.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात राहिले. एकाच सोयरिकीतली घरे दोन राज्यांत विभागली गेली. अंक मात्र पूर्वीसारखेच येत राहिले : कोणी पुण्याहून आणलेले, कोणी उदगीरच्या बहिणीकडून वाचून झाल्यावर मिळालेले, कोणी वाचनालयातले. सरकारी व्यवहाराची भाषा कन्नड झालेली असताना, घरातली मराठी ही प्रमाण मराठीशी जोडलेली राहिली ती शाळेच्या पुस्तकांनी आणि अशा अंकांनी.

या जोडण्याला दोन बाजू आहेत. अंकांनी इथल्या वाचकाला मोठ्या मराठी जगाचा नागरिक केले, हे मोठे काम आहे. त्याच वेळी, खरे मराठी घर कसे असते याचे एक चित्र त्याच्या मनावर ठसवले, आणि त्या चित्रात त्याचे स्वतःचे घर नव्हते. इथल्या घराला माळवद होते, कौलांचा उतार नव्हता. दारातून आत शिरताच ढाळज लागे. दिवा देवळीत ठेवला जाई. संध्याकाळी कंदील पुसायचा आणि चिमणी लावायची. बाजारातून माळवे आणायचे आणि भाकरीबरोबर कोरड्यास खायचे. माळवद, ढाळज, देवळी, माळवे, कोरड्यास हे शब्द मराठवाडी बोलीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. पण यांतला एकही शब्द सुचेल असे चित्र मुखपृष्ठावर क्वचितच आले. चित्र नाही, म्हणून शब्द छापील नाही. शब्द छापील नाही, म्हणून तो शुद्ध नाही, असा एक समज नकळत तयार झाला. आजही आपले विद्यार्थी निबंध लिहिताना ‘देवळी’ खोडून ‘कोनाडा’ लिहितात. ‘कोनाडा’ चांगलाच शब्द आहे. प्रश्न खोडण्याचा आहे.

सणाचेच उदाहरण घ्या. दिवाळीची शेकडो मुखपृष्ठे आहेत. पण लातूर, धाराशिव, बीदर, कलबुर्गी या पट्ट्याचा जो खास सण, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या ऊर्फ येळवस, तिचे मुखपृष्ठ शोधून पाहावे. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. शेतात कडब्याची कोप करतात, पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे, खीर आणि आंबील यांचे जेवण असते, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवले जाते. कन्नडमध्ये या सणाला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. एळ्ळू म्हणजे तीळ. मराठीतले येळवस हे नाव त्यावरून आले, असे मानले जाते. एका सणाच्या नावात दोन भाषांचा संसार आहे. मुंबईच्या संपादकाच्या वार्षिक पंचांगात तो नव्हता, इतकेच.

एकच चित्र, दोन लिप्या

सीमाभागातील वाचकाला मुखपृष्ठांचा एक अनुभव मात्र असा मिळाला, जो पुण्याच्या वाचकाला सहसा मिळाला नाही. मद्रासहून १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत ‘चंदामामा’ निघाले. पुढे त्याच्या इतर भाषांतील आवृत्त्या आल्या. १९५२ मध्ये मराठी ‘चांदोबा’ सुरू झाला. मुखपृष्ठाचे चित्र या भावंड आवृत्त्यांत सामाईक असे, नाव आणि लिपी तेवढी बदले. वड्डादि पापय्या यांच्यासारख्या चित्रकारांची जलरंगातली मुखपृष्ठे अशा रीतीने अनेक भाषांच्या मुलांनी पाहिली.

भालकी किंवा बसवकल्याणच्या एकाच गल्लीत एका घरी मराठी ‘चांदोबा’ आणि शेजारच्या घरी कन्नड ‘चंदमामा’ असू शके. चित्र तेच, राजा तोच, वेताळ तोच. मुले अंकांची अदलाबदल करत आणि चित्राच्या आधाराने परक्या लिपीतली अक्षरे ओळखू पाहत. चित्र समान असले की भाषेची भीती कमी होते, ही गोष्ट अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांआधी इथल्या ओसरीवर सिद्ध झालेली होती. विशेष म्हणजे या मुखपृष्ठांवर बैलगाडी, नदीचा घाट, खेड्यातली झोपडी, विहिरीवरच्या बायका आल्या. दक्षिणेच्या चित्रकारांनी रंगवलेले हे खेडे आपल्याकडच्या मुलाला शहरी मराठी मुखपृष्ठापेक्षा जवळचे वाटले, तर त्यात आश्चर्य नाही.

वर्गातील पाठ

हे सर्व अध्यापनात कसे आणावे? पदवी वर्गांत आणि माध्यमिक शाळेतही चालेल असा एक पाठ सुचवतो. तीन तासिका पुरतात. साहित्य म्हणून एक जुने मुखपृष्ठ किंवा त्याची चांगली रंगीत प्रत हवी.

पहिली पायरी नावे देण्याची. चित्रातील प्रत्येक वस्तूचे नाव लिहायचे, तीन रकान्यांत : पुस्तकातला शब्द, घरातला शब्द, आणि शेजाऱ्याचा शब्द, म्हणजे कन्नड किंवा उर्दूतला. कोणताही रकाना दुसऱ्यापेक्षा वरचा नाही, हे आधीच सांगावे. विद्यार्थी पहिला रकाना पटकन भरतात. दुसरा भरताना ते एकमेकांकडे पाहतात, हसतात आणि मग शब्दांचा पूर येतो. तिसऱ्या रकान्यात जे विद्यार्थी एरवी मराठीच्या तासाला गप्प असतात, तेच शिक्षक होतात.

दुसरी पायरी वेळ आणि ऋतू यांची. उजेड कुठून येतो? सावली कोणत्या बाजूला आहे? दिवा तेलाचा की विजेचा? उत्तर देताना चित्रातला पुरावा दाखवायचा, अंदाज सांगायचा नाही. वाङ्मयाच्या समीक्षेत आपण ज्याला आधार म्हणतो, त्याची ही तयारी आहे.

तिसरी पायरी हातांची. चित्रातील प्रत्येक माणसाचे हात काय करतात? कोणाचे हात कामात आहेत आणि कोणाचे रिकामे आहेत? मुखपृष्ठावरच्या स्त्रीचे हात बहुधा काहीतरी धरलेले असतात, फूल, पत्र, तबक. पण त्यांनी काही उचलून नेलेले, दळलेले, घासलेले क्वचितच असते. ‘धरणे’ आणि ‘करणे’ या दोन क्रियापदांत विद्यार्थ्यांना समाजाचा मोठा भाग सापडतो.

चौथी पायरी चौकटीबाहेरची. हे अंगण कोणी सारवले? या ताटातले पीठ कोणी दळले? चित्रकाराने या घराचे दार कोणत्या बाजूने पाहिले आहे? ‘आवाज’च्या खिडकी-चित्रांनी मराठी वाचकाला हा धडा विनोदातून दिला होता. कापलेल्या खिडकीतून एक दिसायचे आणि पान उलटल्यावर भलतेच निघायचे. प्रत्येक चित्र ही अशीच एक कापलेली खिडकी आहे, हे सांगायला याहून सोपे उदाहरण नाही.

पाचवी पायरी व्यवहाराची. अंकाची किंमत किती? मलपृष्ठावर कसली जाहिरात आहे? साबण, केशतेल, बिस्किटे यांच्या जाहिरातीतली बाई आणि मुखपृष्ठावरची बाई यांच्यात किती साम्य आहे? दोघी एकाच घरातल्या वाटतात, याचे कारण दोघींना बोलावणारा व्यवहार एकच आहे.

यानंतर लेखन. चित्राचे वर्णन दहा वाक्यांत वर्तमानकाळात, मग तेच भूतकाळात. नंतर चित्रातील व्यक्ती आणि स्वतःची आजी यांचा संवाद. त्यातील आजी तिच्याच बोलीत बोलली पाहिजे. प्रमाण भाषा आणि बोली एकाच पानावर आल्या, की त्यांतले नाते व्याख्यानाशिवाय कळते. शेवटी एक उपक्रम : येळवशीच्या अंकाचे मुखपृष्ठ करा. चित्र काढता येत नसेल, तर चित्रकाराला सूचना लिहा : कोण दाखवायचे, कुठून पाहायचे, कोणता रंग, कोणती वेळ. संपादकाच्या जागी बसल्यावर निवड कशी करावी लागते आणि कोण सुटून जाते, हे विद्यार्थ्यांना तिथे समजते. त्यांच्याही मुखपृष्ठावरून कोणीतरी सुटतेच. त्याची चर्चा झाली, की पाठ पूर्ण झाला.

बांधणीत हरवलेली पाने

हा पाठ घ्यायचा तर मुखपृष्ठे हवीत, आणि अडचण इथेच आहे. वाचनालयांत मासिकांचे वर्षाचे अंक एकत्र बांधून घेण्याची पद्धत होती. बांधणी करताना जाडी कमी व्हावी म्हणून मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकली जात. मजकूर जपायचा आणि वेष्टन फेकायचे, अशी त्यामागची समजूत. परिणामी, कित्येक ठिकाणी लेख सलग मिळतात, पण तो अंक वाचकाच्या हातात कसा पडला होता हे कळत नाही. बांधणीतून वाचलेली पाने काळ्या-पांढऱ्या छायाप्रतींत आपला रंग गमावतात.

सीमाभागात हा तोटा दुहेरी आहे. मराठी वाचनालये कमी होत आहेत, आणि जुन्या पिढीची घरे मोडताना अंक रद्दीत जातात. मुंबई-पुण्यात एक प्रत गेली तर दुसरी कुठेतरी असते. पण आपल्याकडच्या प्रतीवर भालकीच्या किंवा आळंदच्या वाचनालयाचा शिक्का असतो, कोणाच्या तरी लग्नातल्या भेटीची ओळ असते, समासात मोडीत किंवा उर्दूत केलेला हिशेब असतो. ती प्रत गेली की मराठी इथे कशी वाचली गेली, याचा पुरावा जातो.

म्हणून शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांना काही साध्या गोष्टी करता येतील. घरात जुना अंक सापडला, तर त्याच्या चारही आवरणपृष्ठांची रंगीत प्रतिमा घ्यावी. पाठीची पट्टी आणि चित्राच्या कोपऱ्यातली सही सुटू देऊ नये. महिना, वर्ष, अंक, किंमत, चित्रकार, छापखाना आणि प्रत कोणत्या गावी मिळाली, एवढी नोंद सोबत ठेवावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. अंक उभे न ठेवता आडवे, ओलीपासून दूर ठेवावेत. बांधणीला दिल्यास आवरणासकट बांधायला सांगावे. वर्गात शिकवण्यासाठी चित्र दाखवायला कायद्यात मुभा आहे. पण पुस्तकात छापायचे तर परवानगीचा विचार करावा लागतो, कारण आपल्याकडे कलाकृतीवरचा हक्क साधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

ज्या घराचे चित्र छापले गेले, ते घर पुढच्या पिढीला पाहता येते. ज्याचे छापले गेले नाही, ते निदान शब्दांत तरी टिकवावे लागते, आणि त्या शब्दांची शेवटची माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मुखपृष्ठ समोर धरून त्यांना विचारले, की आई, याला आपल्याकडे काय म्हणायचे, तर त्या चित्राकडे एकदा बघतात आणि मग चित्रात नसलेल्याच गोष्टी सांगू लागतात. विद्यार्थ्यांनी वही उघडायची ती त्या क्षणी.